बाहेरचा नळ बदलताय? साधा की फ्रॉस्ट-फ्री

जिथे पारा शून्याखाली उतरतो तिथे बाहेरचा नळ फुटण्याची धास्ती कुणाला सांगायला नको. नळ बदलायचाच झाला तर मार्ग दोन. पूर्वीसारखाच साधा नळ आणि त्याच्या लाइनवर घराच्या आत एक स्टॉपकॉक, नाहीतर फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे थंडीत न गोठावा अशी रचना असलेला नळ. मी दोन्ही वापरलेत.

साध्या नळाविरुद्ध तसं फार बोलण्यासारखं नाही. बसवायला सोपा, आणि आतून बंद करून लाइन रिकामी केली की त्यात गोठायला उरतं काय? पण हे रिकामं करणंच मला नकोसं झालं. आत कॉक बंद करा, बाहेर जाऊन नळ उघडा, परत आत येऊन कॉकच्या अंगाला असलेली इवलीशी टोपी फिरवा. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात टोपी. बादली धरायची कुणी? उरलंसुरलं पाणी मनगटावरून थेट बाहीत. टोपीतला रबरी वॉशर निसटला तर रांगत शोधा. बरं, हे थंडी पडण्याआधी आठवायला हवं. मधेच एखाद्या उबदार दुपारी गाडी धुवावीशी वाटली, की सगळं पहिल्यापासून.

फ्रॉस्ट-फ्रीची चावी बाहेर असते, पण पाणी अडवणारा वॉशर लांब दांड्याच्या टोकाला, आठ-दहा इंच आत, घराच्या उबेत. बंद केल्यावर नळीतलं पाणी आपसूक ओघळून जातं. नवख्या माणसाला नळ गळतोय असंच वाटतं. त्यासाठी तो बसवताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार मात्र हवा.

हाही अगदीच बिनघोर नाही. थंडीत होज पाइप तसाच जोडलेला राहिला तर पाणी आत कोंडतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळी भिंतीत फुटू शकते. भेग वॉशरच्या पुढे असेल तर नळ बंद असेपर्यंत पत्ताही लागत नाही. थंडी सरल्यावर उघडाल तेव्हा पाणी भिंतीत! पण होज काढणं हे बाहेर उभ्या उभ्या होणारं काम आहे. तेवढं माझ्याच्याने होतं.

बदलण्याचं काम मात्र जागा बघून ठरवा. नवा नळ लांब, म्हणून आतला पाइप तेवढा मागे कापावा लागतो. तळघरातून हात पोचत असेल तर किरकोळ गोष्ट. जुना नळ सोडवताना दुसऱ्या पान्याने पाइप धरून ठेवा, नाहीतर तांब्याचा पाइप पिळला जातो. भिंत बंदिस्त असून फोडावी लागणार असेल, तर साधाच बरा म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

आतला स्टॉपकॉक मी काढलेला नाही. कधी वॉशर बदलायचा झाला तर त्यापायी घरभरचं पाणी बंद करावं लागत नाही.