फ्रीझरच्या झिप पिशव्या: स्ट्रॉबेरीला उत्तम, आमरसाला नकोत

हिवाळ्यात महाबळेश्वरहून आणलेली दोन किलो स्ट्रॉबेरी टिकवण्यासाठी मी फ्रीझरमध्ये चालणाऱ्या, दुहेरी झिपच्या, एक लिटर मापाच्या २५ पिशव्यांचा पुडा घेतला होता. पुढे त्याच पिशव्यांत मे महिन्यात हापूस आणि पावसाच्या तोंडावर जांभळेही साठवून पाहिली.

स्ट्रॉबेरीसाठी या पिशव्या चोख ठरल्या, मात्र त्याचे निम्मे श्रेय घरातल्या स्टीलच्या ताटाला आहे. फळे धुऊन पंच्यावर पूर्ण कोरडी करावीत, देठ काढून ताटात सुटी मांडावीत आणि रात्रभर फ्रीझरमध्ये कडक झाल्यावरच पिशवीत भरावीत. म्हणजे पुढे कित्येक महिने हवी तेवढीच मूठभर फळे काढता येतात. पहिल्या खेपेस मी ओलसर फळे थेट पिशवीत कोंबली, तेव्हा त्यांचा असा एकसंध गोळा झाला की तो फोडायला खलबत्त्यातला बत्ता घ्यावा लागला. पुड्यावरच्या सूचनांत याविषयी एक ओळही नाही, याचे आश्चर्य वाटते.

बाहेर काढल्यावर फळ लिबलिबीत होते, त्याचा दोष मात्र पिशवीला देऊ नये. घरचा फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसचा असला, तरी तो फळ सावकाश गोठवतो. त्यामुळे फळातल्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात, पेशींची आवरणे फाटतात आणि वितळताना रस गळतो. अशी स्ट्रॉबेरी मिल्कशेकला किंवा जॅमला उत्तम, नुसती खायला नाही. पिशवीने हवा आत येऊ न देणे एवढेच अपेक्षित असते, कारण हवा राहिली की फळातला ओलावा उडून त्यावर पांढुरके, चिवट चट्टे पडतात. हवा हाताने दाबून काढली, तर या कामात पिशवी कुठेही कमी पडली नाही.

हापूसच्या फोडीही छान राहिल्या. फजिती झाली ती आमरसाची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे ठाऊक असूनही मी पिशवी काठोकाठ भरली. शिवाय भरताना झिपेच्या खाचेत रस लागला होता, त्यामुळे ती नीट बसलीच नाही आणि सकाळी फ्रीझरचा तळ केशरी झालेला होता. दोन बोटे जागा सोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेला रस याहून कितीतरी बिनधोक राहतो. जांभळांनी पिशवीला लावलेला रंग साबणाने गेला नाही, पण गर चांगला टिकला.

पिशव्या धुऊन तीनदा वापरल्या. चौथ्यांदा झिपेचे कोपरे सुटू लागले. तारीख लिहिण्याच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेन उमटत नाही, मार्करच लागतो, आणि तोही पिशवी फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वीच चालवावा, कारण दव धरलेल्या पट्टीवर काहीच टिकत नाही.