पायाच्या नसांची इंजेक्शनं: आठ महिन्यांनंतर

माझे दोन्ही पाय एकाच डॉक्टरांनी, तीन महिन्यांच्या आत हाताळले. तरी एका पायावर मी खूश आहे आणि दुसऱ्यावर अजून थोडी रुसलेली आहे. गंमत म्हणजे रुसवा आहे तो सोप्या वाटलेल्या पायावर.

मी सोलापूरची, वय ४९, शाळेत शिकवते. २२ वर्षं फळ्यासमोर उभी. डाव्या मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा होत्या. उजव्या पोटरीवर मात्र गांडुळासारखी वळणं घेत गेलेली फुगीर नस. संध्याकाळी पाय ठणकायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे. "साडी तर नेसतेस, कोणाला दिसतंय?" असं घरचे म्हणायचे. मलाही ते पटलं असतं, पण मी आईचा घोटा पाहिला होता. आधी घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, मग खाज सुटली. आम्ही इसब समजून वर्षानुवर्षं मलम चोळत बसलो. शेवटी तिथे जखम झाली आणि ती भरायला दीड वर्ष गेलं. मूळ दुखणं नसांचं आहे हे फार उशिरा कळलं.

सुरुवातीला मी एका ब्यूटी क्लिनिकमध्ये गेले होते. पाय पाच मिनिटं बघून "एका बैठकीत सगळं साफ" असं सांगितलं आणि आगाऊ पैसे मागितले. डॉपलरचं, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं, नावही कोणी काढलं नाही. तिथून निघाले ते बरंच झालं.

नंतर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा डॉपलर सोनोग्राफीच करायला लावली, तीही उभं राहून. पोटरी दाबून सोडतात आणि वर गेलेलं रक्त नसेतल्या झडपेतून परत खाली येतंय का ते बघतात. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गळते असं धरतात. डावा पाय ठीक निघाला. उजव्या पायाची जांघेतली झडप गळत होती, म्हणजे पोटरीवरची नस ही फक्त खालची टोकं होती. डॉक्टर म्हणाले, "टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसायची नाही." म्हणून उजवीकडची मुख्य नस तेवढ्या भागापुरती भूल देऊन लेसरने बंद केली आणि उरलेल्या फांद्यांना इंजेक्शन दिलं. माझ्या भाचीने शोधून सांगितलं की ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांतही मुख्य नसेसाठी क्रम असाच आहे: आधी लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेने नस बंद करणं), ते जमत नसेल तर फोम, म्हणजे औषधाच्या फेसाचं इंजेक्शन, आणि शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी.

नस बंद केली तर रक्त जाणार कुठून, हा मलाही पडलेला प्रश्न. पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त आतल्या खोल नसांतूनच वर जातं. वरची बिघडलेली नस बंद झाली तर आतल्या नसांवरचा भार उलट हलका होतो.

इंजेक्शनचं म्हणाल तर त्याची भीती बाळगू नका. बारीक रेषांसाठी पॉलिडोकॅनॉल हे औषध पातळच दिलं. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी, मुंगी चावल्यासारखं वाटतं, पण एका बैठकीत पंधरा-वीस वेळा. मोठ्या फांद्यांसाठी त्याच औषधाचा फेस केला. दोन सिरिंज एका तोटीला जोडून एक भाग औषध आणि चार भाग हवा इकडून तिकडे ढकलत राहायचं, की दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस तयार होतो. तो नसेतलं रक्त बाजूला सारतो, आतलं अस्तर जाळतो, मग नस चिकटते आणि हळूहळू शरीरातच जिरते. फोमनंतर दहा मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर नागमोडी रेषा नाचल्या. मला अर्धशिशी आहे हे मी आधी सांगितलं नव्हतं, आणि ती चूक माझी. तुम्ही सांगा. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा गरोदर असाल तर तेही सांगा.

बैठक संपली की लगेच अर्धा तास चालायला लावतात. खरी परीक्षा घरी सुरू होते आणि तिचं नाव स्टॉकिंग्ज, म्हणजे पायावर दाब देणारे घट्ट मोजे. क्लास दोनचे (हा दाबाचा दर्जा), मांडीपर्यंतचे. सकाळी पलंगावरून उतरायच्या आत चढवायचे, आणि ते चढवताना मी रोज घरातल्या सगळ्यांवर ओरडायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले तर सरसर वर जातात, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी मुहूर्तही असा गाठला की लेसर जानेवारीत, इंजेक्शनं फेब्रुवारीत आणि दुसरी बैठक मार्चअखेर. सोलापूरचा एप्रिल आणि मांडीपर्यंत मोजे! पुढच्या दिवाळीनंतर सुरू करा असं डॉक्टरांनी सुचवलं होतं, घाई मलाच झाली होती.

उजवा पाय: ठणका दोन महिन्यांत गेला, गोळे येणं जवळजवळ बंद झालं. मधे पोटरीत दोरीसारखी कडक, दुखरी गाठ झाली होती. अडकलेलं रक्त होतं ते. तिसऱ्या आठवड्यात सुईने टोचून काढलं, काळपट आणि घट्ट निघालं, लगेच आराम पडला. त्या जागी तपकिरी पट्टा उरला. रक्तातल्या लोहाचा डाग आहे, वर्षभरात फिका होतो म्हणे. आठव्या महिन्यात निम्मा फिका झालाय.

डावा पाय: जाड जांभळ्या रेषा साधारण सहा आठवड्यांत गेल्या. पण गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे आधी काही नव्हतं, तिथे केसासारख्या लाल रेषांचं नवं जाळं उमटलं. असं काही जणांना होतं, बरेचदा आपोआप जातं. माझं अजून गेलेलं नाही. आणि ज्या पायासाठी फक्त दिसण्याची हौस होती, त्याचाच खर्च विम्याने नाकारला. लेसरचा मंजूर झाला. डाव्याच्या दोन बैठकींचे १६,००० रुपये मी खिशातून भरले.

मग घ्यावं की नाही? पाय दुखत असेल, सुजत असेल, घोट्याजवळ रंग बदलत असेल तर डॉपलर करायला उशीर करू नका. नुसत्या रेषा असतील तर काही महिने पाय आधीपेक्षा वाईट दिसेल, ते सोसायची तयारी ठेवा. आणि घरात आईला, मावशीला हा त्रास असेल तर नव्या नसा पुढेही फुगू शकतात. डॉक्टरांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं.

डाव्या पायाची तिसरी बैठक बाकी आहे. ती डिसेंबरमध्ये घेणार, एक दिवसही आधी नाही.