म्हापशात घेतलेला विद्युत परिपथ संच : साहित्य उत्तम, पुस्तिका चुकीची

आठवीतल्या भाचीसाठी म्हापशाच्या बाजारातील एका दुकानातून हा संच घेतला. अमीटर, बटण, सेलची पेटी आणि तांब्याच्या तारा भक्कम आहेत. चिमट्यांवर मात्र पहिल्याच पावसाळ्यात हिरवट पुट चढले, त्यामुळे ते अधूनमधून काचकागदाने घासावे लागतात.

खरी तक्रार सोबतच्या मराठी पुस्तिकेविषयी आहे. तिच्यातील आकृतीत सेलच्या धन टोकाकडून तारेमार्गे ऋण टोकाकडे जाणाऱ्या बाणाखाली ‘इलेक्ट्रॉनांचा प्रवाह’ असे छापले आहे. तेथे ‘विद्युतधारा’ असे असते तर बाण बरोबर ठरला असता, कारण धारेची ही दिशा जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधण्याच्या कितीतरी आधीच रूढ झाली होती. तारेतील ऋणभारित इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात नेमके उलट दिशेने सरकतात.

इलेक्ट्रॉन ‘प्रकाशाच्या वेगाने धावतात’ हे पुस्तिकेतील विधान तर त्याहून फसवे आहे. १ अँपिअर धारा म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६.२४ अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन. तरीही १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत त्यांना १ मीटर पुढे सरकायला जवळपास पावणेचार तास लागतात. (तेवढ्या वेळात माणूस म्हापशाहून पणजीला चालत पोहोचेल.) बटण दाबताच दिवा लागतो, कारण विद्युतक्षेत्र तारभर जवळजवळ तत्काळ पसरते आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात.

चूक दाखवल्यावर दुकानदार म्हणाले, ‘‘पुस्तिका फुकटच आहे हो.’’ भाचीने ती ओळ खोडून संच वापरायला घेतला आहे.