क्रोनोग्राफ घेतला, पण वजन तपासायला विसरू नका

एअरगन आणि एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या खेळातल्या बंदुका) या दोन्हींसाठी चालणारा एक छोटा क्रोनोग्राफ, म्हणजे सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारे यंत्र, मी गेले तीन महिने वापरत आहे. नळीच्या तोंडासमोर ठेवायच्या या डब्याला एक बोगदा असून त्यात दोन इन्फ्रारेड सेन्सर 10 सेंटिमीटर अंतरावर बसवलेले आहेत. पहिला किरण तुटल्यापासून दुसरा तुटेपर्यंत गेलेल्या वेळेवरून वेग काढला जातो. सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटलेली बीबी (एअरसॉफ्टची छोटी गोल गोळी) हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात कापते आणि सेन्सरमधले अंतर मिलिमीटरभर चुकले तरी वेग एक टक्क्याने चुकतो, म्हणून सेन्सर घट्ट बसवलेले असणे महत्त्वाचे. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

या यंत्राचा खरा गुण म्हणजे ते ऊर्जाही ज्यूलमध्ये दाखवते. नुसत्या वेगावरून बंदुकीचा जोर कळत नाही, कारण 0.20 ग्रॅमची बीबी सेकंदाला 100 मीटर वेगाने गेली तर तिची ऊर्जा 1 ज्यूल भरते, तर त्याच वेगाच्या 0.53 ग्रॅमच्या शिशाच्या छर्र्याची 2.65 ज्यूल. गॅसवर चालणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीत तर जड बीबी नळीत अधिक वेळ राहते, गॅस तिला तेवढा जास्त वेळ ढकलतो आणि ऊर्जा चक्क वाढू शकते. खेळाडू याला ‘ज्यूल क्रीप’ म्हणतात. ज्या बीबीने खेळायचे, तिनेच मोजणी करावी हे बरे.

गोम आहे ती इथेच. ऊर्जा काढण्यासाठी गोळीचे वजन आपणच भरायचे असते; यंत्र शेवटचे भरलेले वजन लक्षात ठेवते आणि सुरू होताना ते पुन्हा विचारत नाही. एकदा 0.25 ग्रॅमची नोंद तशीच राहिली आणि मी 0.20 ग्रॅमच्या बीबी झाडत बसलो. वेग 100 मीटर बरोबर होता, पण ऊर्जा 1.25 ज्यूल दिसत होती आणि मी अर्धा तास विनाकारण स्प्रिंगला दोष देत होतो.

दहा फैरींची नोंद साठवण्याची सोय मात्र फार उपयोगी आहे. तेल दिल्यानंतर स्प्रिंगच्या एअर रायफलचे पहिले काही वेग अवाजवी चढे आले, कारण दाबामुळे तापलेल्या हवेत तेलाचा अंश पेटतो. उलट कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलातून भराभर झाडल्यास सिलिंडर गार पडून वेग फैरीगणिक उतरत गेला. एकाच फैरीवर विसंबलो असतो तर दोन्ही वेळा फसलो असतो.

भर उन्हात सेन्सर गोंधळतात, तेव्हा सावली हवी. नळी बोगद्याच्या मध्यावर नसेल तर छर्रा कडेला घासतो. माझ्या डब्यावर तशी एक खोच पडलीच आहे, त्यामुळे मोजतानाही डोळ्यांवर चष्मा हवाच. वजनाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात इतका बारीक येतो, की मी आता डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून त्या दिवशीचे वजन पेन्सिलीने लिहितो.