अमेरिकी काँग्रेसचा ऑनलाइन चरित्रकोश : जॉन डिंगेल यांच्या नोंदीवरून परीक्षण

अमेरिकी काँग्रेसचा अधिकृत चरित्रकोश आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध असून १७७४ पासूनच्या सदस्यांच्या नोंदी त्यात पाहता येतात. अशा कोशाची कसोटी प्रदीर्घ कारकिर्दीवरच लावावी, या विचाराने मिशिगनचे जॉन डिंगेल यांची नोंद निवडली. वडिलांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर पोटनिवडणूक जिंकून ते १३ डिसेंबर १९५५ रोजी प्रतिनिधिगृहात आले आणि ३ जानेवारी २०१५ पर्यंत सलग तेथेच राहिले. इतकी वर्षे काँग्रेसमध्ये आजवर दुसऱ्या कोणीही काढलेली नाहीत.

जन्म, शिक्षण, १९३८ ते १९४३ या काळात सभागृहात निरोप पोचवण्याचे काम, लष्करी सेवा, वकिली, समितीचे अध्यक्षपद असे सारे अर्धविरामांनी जोडलेल्या एकाच लांबलचक वाक्यात येते. वाचायला ते रूक्ष आहे, पण तारखा चोख आहेत, आणि संदर्भासाठी कोश उघडणाऱ्याला प्रथम तेच हवे असते. (बेळगावात वाढलेले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधूनच निवडून आलेले श्री ठाणेदार यांचीही नोंद येथे आहे.)

उणीव जाणवते ती सत्तेचा हिशेब मांडताना. ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्षपद ९७व्या ते १०३ऱ्या आणि ११०व्या काँग्रेसमध्ये (दर दोन वर्षांच्या मुदतीला असा एक क्रमांक असतो) होते, एवढेच कोश सांगतो. त्यातून १९८१ ते १९९५ आणि २००७ ते २००९ हा काळ वाचकाने स्वतः काढायचा. दुसऱ्या खेपेला हे पद एका मुदतीतच का गेले, याचा पत्ता लागत नाही. पर्यावरणाच्या कडक नियमांविरुद्ध मिशिगनमधील डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाची पाठराखण करणाऱ्या डिंगेल यांना नोव्हेंबर २००८ मध्ये स्वपक्षीयांनीच मतदानाने बाजूला सारून हेन्री वॅक्समन यांना अध्यक्ष केले. गंमत अशी, की नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींच्या रक्षणाचा १९७३ चा कायदा घडवण्यात याच डिंगेल यांचा मोठा वाटा होता. असा गुंतागुंतीचा माणूस त्या एका वाक्यात मावत नाही.

म्हणून जोडीला लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विधेयकांचे संकेतस्थळ उघडावे. तेथे विधेयक मांडणाऱ्या सदस्याच्या नावाने यादी गाळता येते. वडिलांनी १९४३ मध्ये मांडलेले राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयक डिंगेल दर नव्या काँग्रेसमध्ये मांडत राहिले आणि ते दर वेळी समितीतच अडकले. ही चिकाटी त्या यादीत ढळढळीत दिसते. १९६५ मध्ये मेडिकेअरचे (वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले तेव्हा पीठासीन डिंगेलच होते आणि त्यांनी जपलेला तोच हातोडा मार्च २०१० मध्ये आरोग्यसेवा विधेयकाच्या वेळी तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या हाती होता. पण ही हकिकत मिळवण्यासाठी मात्र वृत्तपत्रांचीच दप्तरे चाळावी लागतील.

एक व्यावहारिक सूचना : नुसते आडनाव टाकून शोधल्यास वडील, मुलगा आणि २०१५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या पत्नी डेबी अशा तिघांच्या नोंदी पुढे येतात, पिता-पुत्रांचे नाव एकच असल्याने कार्यकाळाची वर्षे पाहूनच नोंद उघडावी.