सस्पेन्शन सीटपोस्ट की रुंद ट्यूबलेस टायर?

पुढे-मागे कुठेच सस्पेन्शन नसलेली रिजिड एमटीबी (माउंटन बाइक) गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चालवायची आणि खर्च एकाच सुधारणेवर करायचा, तर निवड बहुधा सस्पेन्शन सीटपोस्ट (सीटखालचा, धक्के शोषणारा दांडा) आणि २.८ इंची ट्यूबलेस टायर या दोहोंवर येऊन थांबते. मी आधी सीटपोस्ट वापरला, नंतर टायर.

सीटपोस्टला कमी लेखण्याचे कारण नाही. डिचोलीकडच्या लाल मातीच्या सपाट रस्त्यांवर बसून पेडल मारताना कंबरेला मिळालेला आराम खरा होता. पावसाळ्यात तांबडा चिखल आत शिरून करकर सुरू झाली, तीही साफसफाई आणि ग्रीसने थांबली.

माझे मत बदलले ते हातांमुळे. सत्तरीत अंजुणे धरणाच्या बाजूला काजूच्या बागायतींतून उतरताना आपण पेडलवर उभे असतो, त्यामुळे सीटपोस्टला काही कामच उरत नाही आणि जांभ्याच्या खडबडीत पाठीचा प्रत्येक धक्का फोर्कमधून (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यातून) हँडलमध्ये व तिथून थेट तळव्यात येतो. अर्ध्या उतारावर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधीर होत असे, ब्रेक किती दाबला आहे याचा अंदाज येईनासा होई आणि थांबून हात झटकावे लागत. जाड ग्रिप लावल्या, हँडल थोडे वर घेतले. त्रास कमी झाला, गेला नाही.

त्याच वाटेने २.८ च्या टायरांवर, पुढे १४ आणि मागे १६ पीएसआय हवा ठेवून उतरलो (माझे वजन ७२ किलो आहे), तेव्हा दगडाच्या कंगोऱ्यावर आधी टायर दबत होता आणि खाली पोहोचल्यावर पाण्याच्या बाटलीचे झाकण त्याच बोटांनी सहज उघडले.

ट्यूबलेसची उस्तवार आहेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट (टायरमधला, छिद्रे बुजवणारा द्रव) लवकर आटते, ते दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावे लागते, आणि डांबरी रस्त्यावर हे टायर जड वाटतात. ज्यांचे फिरणे बहुतेक बसूनच होते आणि दुखणे कंबरेचे आहे, त्यांनी सीटपोस्ट घेतला तर चूक म्हणता येणार नाही. इतरांना मी टायरच सुचवीन. मात्र आधी फ्रेम आणि फोर्कमधील जागा मोजावी, टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. मागे तेवढी जागा नसेल तर रुंद टायर फक्त पुढे घालावा, कारण हातांपर्यंत पोहोचणारा धक्का मुख्यतः पुढच्याच चाकाचा असतो.