काड्यापेटीतली राणी : मधपेट्या घेताना मी कशी फसले

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतोय, तुमच्या ग्रुपवरपण आला असेल कदाचित. गच्चीवर चार निळ्या पेट्या, मागे आल्तिनो टेकडीची झाडं, आणि डोक्यावर जाळी घालून दात दाखवत उभी असलेली एक बाई. खाली लिहिलंय 'शहरात मधमाशीपालन, घरबसल्या उत्पन्न'. ती बाई म्हणजे मी. आणि तो फोटो काढला तेव्हा चारपैकी तीन पेट्यांत राणीच नव्हती. फोटो काढून टाक म्हणून मला पेट्या विकणाऱ्या माणसाला चारदा सांगितलं, हो म्हणतो आणि काढत नाही, म्हणून शेवटी हे लिहायला बसलेय.

मी पणजीत मळा नावाच्या भागात राहते. मागे टेकडी असल्यामुळे झाडं भरपूर, गच्चीतल्या तुळशीवर आणि शेवग्यावर माश्या आधीपासूनच यायच्या, त्यामुळे एखादी पेटी ठेवावी असं लॉकडाऊनपासून डोक्यात होतं. निसर्गासाठी वगैरे म्हणून खोटं कशाला बोलू, मधासाठीच. २०२० साली सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने मोठमोठ्या ब्रँडचे नमुने जर्मनीला तपासायला पाठवले आणि बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली, तेव्हापासून आमच्या घरात विकतचा मध आला की मी बाटली उजेडात धरून बघत बसायचे, जणू काही मला त्यात कळणारच होतं.

डिसेंबरात एका प्रदर्शनात या पेटीवाल्याचा स्टॉल होता. काचेची पेटी, आत माश्या, राणीच्या पाठीवर पांढरा ठिपका, लहान मुलं नाक लावून बघतायत. भिंतीवर कुठल्याशा ट्रेनिंगचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. टूथपिकवर मध चाखायला देत होता, मध चांगला होता, ते कबूल. बोलायला तर इतका गोड की मी कुठल्या गावची ते विचारून झाल्यावर म्हणाला, "ताई, आपली माशी कुठली माहितीय? सातेरी! तुमच्या गावची देवीच घरात आणताय तुम्ही." आमच्या गावात सातेरीचं देऊळ आहे, वारुळाची पूजा होते तिथे, मी तिथेच विरघळले. या माशीला सातेरी म्हणतात हे खरंच आहे, सात पोळी बांधते म्हणून सातेरी असं सांगतात. हे लक्षात ठेवा, कारण या माणसाच्या प्रत्येक खोट्यात एक तरी खरी गोष्ट असायचीच.

एका पेटीचे सात हजार, चार घेतल्या तर साडेसहा. नवरा म्हणाला आधी एक घे, बघ जमतंय का. मी म्हटलं चारवर दोन हजार वाचतायत. वाचवले! वर 'सबसिडीची फाइल' करायचे तीन हजार, ते जीपेवर आणि तेपण भाच्याच्या नंबरवर. खादी ग्रामोद्योग आयोगाचं हनी मिशन २०१७ पासून आहे, केंद्राचंही मध मिशन आहे, त्यामुळे मी गूगल केलं तर योजना खरी निघाली आणि मी निर्धास्त झाले. योजना खरी असली म्हणून तिचं नाव घेणारा खरा असतो असं नाही, एवढं साधं त्या दिवशी सुचलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला सबसिडी मंजूर झाली की एकदमच पक्कं बिल देतो.

तशी मी अगदीच बावळट नाही हां, आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर मागून घेतला होता. म्हापशाच्या एका गृहस्थांचा दिला, मी फोन केला, ते इतके खूश होते, म्हणाले माश्या काय काम करतायत, सकाळी चहा घेऊन तिथेच बसतो. पेट्या कधी घेतल्या हे विचारायचं मात्र राहून गेलं. त्यांना घेऊन बारा दिवस झाले होते.

जानेवारीत एका रात्री नऊ वाजता टेंपोतून पेट्या आल्या. रात्री आणणं बरोबरच असतं, दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या हुमले म्हणजे मुंग्या चढू नयेत म्हणून, तेपण बरोबर. मग निघताना त्याने बोट वर करून सांगितलं, "एकवीस दिवस पेटी उघडायची नाही. नवीन जागा आहे, राणी बुजते. उघडलीत तर पेटी सोडून जातील, मग मला बोलू नका." सातेरी माशी त्रास झाला तर पेटी सोडून जाते हेसुद्धा खरंच. आणि खरं सांगू, मला डंखाची इतकी भीती होती की उघडायची नाही म्हटल्यावर बरंच वाटलं.

ते तीन आठवडे मजेत गेले. माश्या पायाला परागाचे पिवळे गोळे लावून येतायत, आंब्याचा मोहर होता, मी मोबाइलवर व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. त्याच आठवड्यात त्याने विचारलं, तुमचा नंबर कुणाला दिला तर चालेल ना? मी म्हटलं द्या की. दोघांचे फोन आले, दोघांनाही मी भरभरून सांगितलं. त्यातल्या एकाने तीन पेट्या घेतल्या. नंतर मी त्यांना फोन केला माफी मागायला, उचलला नाही, त्यांचं बरोबरच आहे.

फेब्रुवारीत माश्या कमी व्हायला लागल्या. पिवळे गोळे दिसेनात. एका पेटीत मात्र चांगली वर्दळ, बाकी तिन्हींच्या दाराशी दोन-चार माश्या उगाच बसलेल्या. फोन केला की दर वेळी नवीन कारण. एकदा मोबाइल टॉवर, एकदा डासांसाठी मारलेला धूर. एकदा तर म्हणाला घरात नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वास येतो त्याने राणी रुसते. पणजीत राहून नुस्तें न आवडणारी राणी कुठून आणायची? शेवटी म्हणाला राण्या म्हाताऱ्या झाल्यात, बदलून देतो, एका राणीचे दीड हजार.

हा प्रसंग मला नीट सांगायचाय. तो आला, पहिली पेटी उघडली, धूर दिला आणि मला म्हणाला ताई, आतून जरा साखरपाणी आणा. मी गेले, आले, तोपर्यंत त्याच्या हातात काड्यापेटी. अर्धी उघडून दाखवली. आत एक काळी, जाडजूड माशी, बाकीच्यांपेक्षा चांगलीच मोठी, डोळे टपोरे. "हात पुढे करा." मी घाबरत घाबरत केला, त्याने ती माझ्या तळहातावर सोडली. चालली, पंख झटकले, चावली नाही. "बघितलंत? राणी कधी डंख मारत नाही. मालकिणीला ओळखते." माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. फोटो काढला त्याने. मग काड्यापेटीत घालून परत पेटीत सोडली. असं तीन वेळा, तीन पेट्या, साडेचार हजार.

मार्चमध्ये शिगम्याची मिरवणूक बघायला वाळपईहून मामा आला. मामाच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, सहा-सात पेट्या आहेत, वर्षानुवर्षं आहेत, पण आपल्याच घरात विचारावं एवढी अक्कल आपल्याला नसते, आपल्याला लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट लागतं. सकाळी मिरवणुकीच्या आधी तो गच्चीवर गेला. नारळाच्या सोडणाचा धूर केला, ना हातमोजे ना जाळी, पेटीचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं. मलापण वास आला, दमट कोंदट, बुरशीसारखा. चौकट वर काढली तर पोळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि खसखशीसारखी काळी विष्ठा. मेणकिडा. माश्या असतील दोन मुठी.

मी त्याला मोबाइलवर राणीचा फोटो दाखवला, म्हटलं अरे पण नवीन राणी घातली होती. मामाने चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि हसायलाच लागला. "आगो बाय, ही राणी न्हय, हो दादलो!"

नर. नराला डंखच नसतो, मग मारणार कशाने. डोळे इतके मोठे की डोक्यावर एकमेकांना टेकतात, अंग आखूड आणि बोथट. राणी लांब असते, पोट निमुळतं, पंख पोटाच्या मानाने तोकडे दिसतात. राणीला डंख असतो, पण तो ती दुसऱ्या राणीवर वापरते. आणि मामाचं म्हणणं, तो नर त्याने बाहेरून आणलासुद्धा नसेल, तू साखरपाणी आणायला गेलीस तेव्हा तुझ्याच पेटीतला धरून तुलाच विकला.

माझ्याच पेटीत नर आले कुठून, हेपण मामाने दाखवलं. दुसऱ्या पेटीत अजून थोडं जिवंत होतं. सूर्य पाठीशी घ्यायचा, चौकट जरा तिरकी धरायची म्हणजे ऊन पोळ्यातल्या एकेका घराच्या थेट तळाला जातं. राणीचं अंडं एका घरात एकच, तळाच्या मधोमध उभं, तांदळाच्या कणीहून बारीक. इथे एकेका घरात दोन-तीन अंडी, काही भिंतीला चिकटलेली. राणी नसली की कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, पण त्यांचं मीलन झालेलं नसतं, त्यामुळे त्यातून नुसते नर निघतात. नराच्या घराची झाकणं फुगीर, सातेरीत मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. नर काही गोळा करून आणत नाहीत, खातात तेवढं. मग पेटी रिकामी होत जाते आणि मेणकिडा शिरतो.

आणि ते एकवीस दिवस! अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला साधारण तीन आठवडे. राणी नसली तरी आधीच्या, मेणाने झाकलेल्या घरांत वाढत असलेल्या माश्या निघत राहतात, पेटी भरल्यासारखीच दिसते, तेवढ्यात तुम्ही त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाला फोनवर छान सांगून मोकळे. खरं तर राणी गेली तर माश्या स्वतःच नवी राणी वाढवू शकतात, पण त्यासाठी पेटीत अंडी किंवा अगदी कोवळी अळी लागते. माझ्या तीन पेट्यांत त्याने बहुतेक फक्त झाकलेली पोळी घातली होती, म्हणजे त्यांना तो मार्गपण ठेवला नाही. एका वसाहतीच्या चार पेट्या केल्या, राणी एकीतच. मामा म्हणाला माणूस अडाणी नाही, अडाण्याला हे जमणार नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एवढं येतंय तर नीट धंदा कर ना बाबा, गोव्यात पेट्या मागणारे कमी आहेत काय?

पुढचं पटकन सांगते. पेटीवाल्याला फोन केला, म्हणाला तुम्ही पेटी उघडली असणार. पोलिसांत गेले, त्यांनी ऐकून घेतलं, पावती विचारली. ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५, तिथेही पहिला प्रश्न तोच, बिल आहे का. माझ्याकडे जीपेचे स्क्रीनशॉट, त्यावर भाच्याचं नाव. सबसिडीच्या फाइलचा अर्ज क्रमांक मागितला तर आज देतो उद्या देतो. एकूण साडेतेहतीस हजार. मामा म्हणतो चार हजारांत मी तुला माश्यांसकट पेटी दिली असती, वर राणी दाखवली असती.

चौथी पेटी वाचली. तीत राणी होती, बहुतेक तीच सगळ्यांची आई. मामाने मला तिथेच चौकट हातात धरायला लावली, एक डंख बसला मनगटावर, दोन दिवस सुजलं, बस एवढंच, या एका डंखाला घाबरून मी तीन महिने झाकण उघडलं नव्हतं. राणी दिसली तेव्हा काही राजेशाही वगैरे नव्हती, काळपट लांबुडकी माशी, घाईत चाललेली, आणि पुढच्या माश्या बाजूला होतायत. पावसाळाभर दर आठवड्याला साखरेचा पाक ठेवला, बाहेर फूलच नाही तर खाणार काय. मध विचाराल तर आत्तापर्यंत एक वाटी. पेटीवाला सांगायचा पेटीमागे तीस किलो! सातेरीची पेटी चांगल्या कुळागरात वर्षाला पाच-दहा किलो देते, गच्चीवर त्याहून कमीच धरा.

तर कुणी पेट्या विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी दिवसाउजेडी प्रत्येक पेटी उघडून घ्या, प्रत्येक, एक दाखवून चार देतात. एका घरात एक अंडं दिसलं पाहिजे. राणी नाही दिसली तरी चालेल, ती लपते, अंडी लपत नाहीत. आणि फोन करायचाच तर ज्याच्या पेटीने एक पावसाळा काढलाय अशा माणसाला करा.

माझा नंबर पेटीवाला अजून देतोय. गेल्या रविवारी मडगावहून एका बाईंचा फोन आला, ताई तुमचा अनुभव छान आहे असं कळलं, आमच्या पेट्यांना आज सतरावा दिवस, सगळं मस्त चाललंय, फक्त उघडायची इतकी इच्छा होतेय, चार दिवस थांबू ना? मी म्हटलं थांबू नका, व्हिडिओ कॉल लावा. त्यांच्या मुलाने झाकण काढलं, फोन हलत होता, त्या मागून देवाचं नाव घेत होत्या. मी सांगत गेले, सूर्य पाठीशी घे, अजून तिरकी कर, अजून थोडी. दोन चौकटींवर काहीच नव्हतं. तिसरीवर ऊन पडलं आणि दिसलं. एका घरात तीन अंडी, शेजारच्यात चार.